दुष्काळात आखलेली समुद्राची वाट

लढाई संपून दोन-अडीच महिने झाले होते. माझा नवरा फौजेत. त्यांना रजा मिळाली नव्हती, पण त्यांच्याच तुकडीतला एक कोकणातला जवान रजेवर गावी निघाला होता. वाट वाकडी करून तो आमच्या घरी एक रात्र मुक्कामाला आला. यांनी पाठवलेला पिठ्ठू त्याच्या खांद्यावर होता. पिठ्ठू म्हणजे फौजेतल्या माणसाची पाठीवर बांधायची जाड कापडाची पिशवी, दोन पट्ट्यांची, हिरवट मातकट रंगाची. आत एक कांबळं, साबणाच्या वड्या, सासऱ्यांना कानटोपी आणि सासूबाईंना स्वेटर. आमच्या गावात तोवर कोणाच्या सासूच्या अंगात स्वेटर गेला नव्हता.

माझं माहेर कोपरगावकडचं, पाटपाण्याचं. मी मॅट्रिकपर्यंत शिकले आणि शेवगाव-तिसगावच्या मधल्या एका कोरडवाहू गावात मला दिलं. बावीस वर्षांची होते. सासूला मी आत्या म्हणायचे, सासऱ्यांना मामा. घरात आम्ही तिघंच. मामांचा शब्द घरात शेवटचा असायचा. कोणी कधी कुठे जायचं, किती दिवसांनी यायचं, वाटेत कोणाशी बोलायचं, सगळं ते ठरवायचे. आवाज कधी चढवायचे नाहीत, कारण कधी गरजच पडली नव्हती.

त्या रात्री पाहुणा भाकरी मोडता मोडता आपल्या गावाबद्दल बोलत होता. गावापासून तासाभरावर समुद्राच्या काठी कुणकेश्वर नावाचं महादेवाचं देऊळ आहे, भरतीला पाणी पायऱ्यांशी येतं, असं त्याने सांगितलं. मग जत्रेचं सांगितलं. मार्गशीर्षात गावातल्या ग्रामदेवतेच्या देवळाच्या आवारात रात्रभर दशावतारी नाटक चालतं, राजे, राण्या, राक्षस, उजाडेपर्यंत.

आत्या चुलीपुढे बसून ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "बाया कुठं बसत्यात?"

"पुढे बसतात, आई. पोरांना घेऊन. पुरुष मागे उभे राहतात."

"रातभर?"

"रातभर."

आत्यांनी भाकरी तव्यावर टाकली. ती करपली, आणि आत्यांच्या हातची भाकरी करपलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

त्याचं कारण मला ठाऊक होतं. आमच्या गावच्या यात्रेत दर साली तमाशाचा फड यायचा. मामा पहिल्या रांगेत असायचे. घरंदाज बायांनी तिकडे फिरकायचं नाही. ढोलकीचा आवाज मात्र घराघरांत यायचा, तो कोणी अडवू शकत नव्हतं. आत्या तीस वर्षं अंथरुणावर पडून तो ऐकत आल्या होत्या. मला एकदा म्हणाल्या होत्या, "कुठं हसत्यात त्ये ऐकू येतं. कशाला हसत्यात त्ये न्हाई कळत."

पाहुणा सकाळी निघताना आत्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "या एकदा, आई. माझी आई घरीच असते." असं सगळेच म्हणतात. कोणी खरंच येईल असं धरून कोणी म्हणत नाही.

त्या साली पाऊस आलाच नाही. बहात्तरच्या दुष्काळाबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे, मी त्यात भर घालत नाही. आमच्या पुरतं सांगायचं तर विहिरीचा तळ दिसला, बैल नातलगांकडे धाडले, आणि आत्या आणि मी तिसगावच्या बाजूला रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागलो. मामा गेले नाहीत. त्यांना ते कमीपणाचं वाटायचं. आम्हाला कमीपणा मानणं परवडण्यासारखं नव्हतं.

कामावर एक दिवस, दुपारी कामावर वाटलेली सुकडी खाऊन झाल्यावर, आत्यांनी हातोडी मांडीवर ठेवून मला विचारलं, "त्या कोकन्याच्या गावाला कसं जात्यात गं?"

मला वाटलं ऊन लागलं. मी म्हटलं, "आत्या, आत्ता?"

"आत्ता न्हाई. पर कसं जात्यात?"

मी सांगितलं, मला माहीत नाही. त्या म्हणाल्या, "मंग इतकी शिकलीस कशाला?"

घरी येऊन मी मॅट्रिकचं भूगोलाचं पुस्तक काढलं. त्यात महाराष्ट्राचा नकाशा होता. आपण इथे, समुद्र इथे, असं मी दाखवलं. आत्यांनी आपलं बोट नकाशावर आडवं ठेवलं. नगर जिल्ह्यापासून निळ्या रंगापर्यंत दीड बोट झालं.

"येवढंच?" त्या म्हणाल्या. "आन मी पैठनच्या पलीकडं गेले न्हाई."

पैठण, मोहटादेवी आणि माहेर, एवढंच त्यांचं जग होतं. तेही बैलगाडीत मागे तोंड करून बसून. गाडीत बाया मागेच बसतात. त्यामुळे येणारा रस्ता त्यांनी कधी पाहिलाच नव्हता, फक्त गेलेला.

त्या दिवसापासून आम्ही वाट आखायला लागलो. दुष्काळाच्या सबंध वर्षात आमच्या घरात दुसरं करमणुकीचं काहीच नव्हतं. मी एका कोऱ्या वहीत लिहायचे, आत्या सांगायच्या, खोडायला लावायच्या. गावात रोज संध्याकाळी शेवगावहून मुक्कामी एसटी यायची. तिचा कंडक्टर मारुतीच्या पारावर झोपायचा. वयस्कर, शांत माणूस. पाण्याची कळशी घेऊन येताना आम्ही त्याला गाठलं.

"कोकणात उतरायचं तर कसं?" मी विचारलं.

त्याने विडी विझवली. "शेवगाव, नगर, पुणे, कोल्हापूर. तिथून फोंड्याच्या घाटाने खाली देवगड. कोन जानार हाय?"

"आमी," आत्या म्हणाल्या.

"संग कोन?"

"आमी दोघी."

 तो हसेल असं वाटलं, पण हसला नाही. चार दिवसांनी त्याने तिकिटांच्या जुन्या कागदाच्या पाठीवर वेळा लिहून आणल्या. कोल्हापूरहून देवगडला गाडी सकाळची आहे, ती चुकली तर दिवस जातो, असं खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं. नंतरही तो काही ना काही विचारून यायचा आणि सांगायचा. देवगडला उतरल्यावर खाडी लागते, होडीने पलीकडे जायचं, मग वाळूवरून पायी देवळापर्यंत, हे त्यानेच कोणा कोकणातल्या ड्रायव्हरकडून मिळवलं.

वाटेवरून आमच्या दोघींचं भांडण झालं, तेही सांगायला हवं. मी यादीत देवळं भरत होते. जेजुरी घातली, नरसोबाची वाडी घातली, जोतिबा घातला. माझा हिशेब सरळ होता, जितके देव जास्त तितका नकार देणं मामांना अवघड. आत्यांनी सगळी यादी वाचून घेतली आणि म्हणाल्या, "येवढे देव कशाला?"

"घरातून सोडायला नकोत का?"

"देव समदीकडं हाईत. समुद्र न्हाई. खोड."

मी खोडलं. कोल्हापूरची अंबाबाई त्यांनी ठेवली, तिची ओटी भरायची होती. आणि समुद्रावरचा कुणकेश्वर. बाकी सगळे दिवस त्यांनी पाण्याला आणि नाटकाला दिले.

कामावर ही गोष्ट फुटलीच. वरच्या आळीतली एक बाई आमच्या शेजारी बसून खडी फोडायची, तिने ऐकलं. तिने सगळ्या टोळीला सांगितलं. "प्यायला घोटभर पानी न्हाई आन ह्या निघाल्यात दर्या बघायला." बाया हसल्या. मुकादमही हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्यांनी हातोडी उचलली, दगड फोडला आणि म्हणाल्या, "पानी न्हाई म्हनून तर निघालोय. तुझ्या हिरीला असतं तर तुझ्याकडंच आले असते बघायला." मग कोणी हसलं नाही.

मी यांना पत्र लिहिलं. महिन्याने उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं की हा वेडेपणा आहे, मी रजेवर आलो की दोघींना घेऊन जाईन, तोवर आबांच्या, म्हणजे मामांच्या, मनाविरुद्ध काही करू नका. मी पत्र वाचून दाखवलं आणि तोंड पाडून बसले. आत्यांनी मला पोस्टकार्ड घ्यायला लावलं.

"ल्ही. तू येशील तवा ये. आमी जातोय. तुझ्या मैतराचा पत्ता धाड."

"एवढंच?"

"स्वेटर ऊबदार हाय म्हनून ल्ही."

पत्ता आला. सोबत दोन ओळी होत्या, पण रागाच्या नव्हत्या. पिठ्ठूच्या पट्ट्या खांद्याला काचतात, आत फडकं घालावं, एवढंच लिहिलं होतं.

पुढच्या पावसाळ्यात पाणी झालं. बाजरी निघाली, शाळू पेरून झाला. मार्गशीर्ष लागायला पंधरा दिवस होते. आता सांगायची वेळ आली. मी नवसाचं कारण पुढे करायचं ठरवलं होतं. लढाईतून मुलगा सुखरूप आला तर अंबाबाईच्या दर्शनाला येईन, असं आत्या बोलल्या होत्या म्हणून सांगायचं. मामांना ते मोडता आलं नसतं. मी आत्यांना तसं पढवलं, त्यांनी मान हलवली.

मामा जेवायला बसले होते. आत्यांनी वाढलं आणि समोर बसून सांगितलं, "मी आन पोरगी समुद्र बघायला जानार हाय. आठ-धा दिस लागतील."

मी भिंतीला टेकले. नवसाचं त्यांनी नावही काढलं नाही.

मामांनी घास तोंडात घातला, चावला, गिळला. "कुठं?"

आत्यांनी सगळी वाट सांगितली. नगर, पुणे, कोल्हापूर, घाट, खाडी. एकही नाव चुकलं नाही. शेवटी म्हणाल्या, "तिथं जत्रंला रातचं नाटक असतंय. त्ये बी बघनार हाय."

"बायामानसं एकटी?"

"दोघी हावोत. एकट्या न्हाई."

"रातचा खेळ बघायला आपल्या घरातल्या बाया जानार?"

"तुमी तीस सालं बघताय," आत्या म्हणाल्या. "घरानं बुडालं न्हाई."

मामांनी ताटात पाणी घातलं. उठताना माझ्याकडे बघून म्हणाले, "हे शिकलेलीचं काम हाय."

 मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मामा, मी नवस सांगणार होते. खरं सांगायचं आत्यांनी ठरवलं."

"गेल्यात तर परत येऊ नका."

"येनार," आत्या म्हणाल्या. "शाळू काढायचा हाय. तो कोन काढील?"

रात्री मी त्यांना विचारलं, नवसाचं का नाही बोललात. त्या म्हणाल्या, "देवाच्या आडून गेले असते, तर देव गेला असता समुद्र बघायला. मी कुठं गेले असते?"

निघायच्या आदल्या संध्याकाळी मामांनी भरलेला पिठ्ठू उचलला, दाण्याच्या खोलीत ठेवला आणि बाहेरून कुलूप लावलं. किल्ली करगोट्याला बांधली. आत कपडे होते, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, वही, पत्ता, आणि कामावरच्या कमाईतून ठेवलेले आमचे पैसे. सकाळी दिवस उगवायला ते रानात गेले. जाताना आमच्याकडे पाहिलंही नाही. त्यांना वाटलं, विषय मिटला.

मी रडायच्या बेतात होते. आत्या दारापुढे उभ्या राहिल्या आणि खालीवर बघत राहिल्या. ते जुनं, दोन फळ्यांचं लाकडी दार होतं. बिजागऱ्या नव्हत्या. दाराला वर आणि खाली लाकडाची खुंटी होती, आणि खालची उंबऱ्यातल्या खळग्यात बसलेली होती.

"धर," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघींनी खालून हात घातले आणि दार वर उचललं. खडी फोडून हात असे झाले होते की ते दार काहीच नव्हतं. खुंटी खळग्यातून सुटली, एक फळी तिरकी झाली, मी आत शिरले आणि पिठ्ठू बाहेर ओढला. मग आम्ही दार पुन्हा नीट बसवलं. कुलूप जसंच्या तसं. आत्यांनी फडक्याने त्यावर पडलेली धूळही पुसली.

पिठ्ठू मी पाठीला घेतला. नऊवारीवर, पदराखालून पट्ट्या घालून. आत्यांनी डोक्यावर गाठोडं घेतलं. मुक्कामी गाडी पहाटेच गेली होती, म्हणून गावातून फाट्यापर्यंत चालत जाताना पारावरची माणसं उठून उभी राहिली. एकजण म्हणाला, "काय वो, पलटनीत भरती झाल्या काय?"

"व्हय," आत्या म्हणाल्या आणि चालत राहिल्या.

नगर, पुणे, कोल्हापूर. प्रवासाचं फार सांगत नाही. प्रत्येक गाडीत आत्या ड्रायव्हरच्या मागची, समोरचं दिसेल अशी जागा धरायच्या आणि तासन्‌तास येणाऱ्या रस्त्याकडे बघायच्या. डुलकीसुद्धा घेतली नाही. मी झोपले की मला उठवून सांगायच्या, "पोरी, वळन आलं."

कोल्हापुरात अंबाबाईची ओटी भरली आणि मुक्कामासाठी एका धर्मशाळेत गेलो. गादीवर बसलेल्या माणसाने वही उघडली आणि विचारलं, "सोबत पुरुष कोण?"

मी म्हटलं, "कोणी नाही. सासू आहे."

"मग खोली नाही."

आत्यांनी पुढे होऊन विचारलं, "आमचं पुरुषमानूस सरहद्दीवर हाय. त्याला बोलवून घेऊ का तुमच्या वहीत ल्ह्यायला?"

त्याने वही मिटली. नियम आहे म्हणाला. आत्या म्हणाल्या, "तुमचा नियम तुमच्यापाशी ठिवा," आणि त्याच्याच पायरीवर बसून त्यांनी दशमी सोडली. सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत आम्ही तिथे जेवलो. येणारे-जाणारे बघत होते, तो आत चुळबुळत होता. मग उठून एसटी स्टँडवर गेलो आणि बाकड्यांच्या मधल्या फरशीवर कांबळं टाकून झोपलो. मला अपमान वाटत होता. आत्यांना काहीच वाटत नव्हतं, किंवा वाटत असेल तर त्यांनी तो माझ्यासारखा चघळला नाही. सकाळची देवगडची गाडी स्टँडवरच असल्यामुळे चुकली नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

घाट उतरताना त्यांनी पुढचा दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. इतकी हिरवी दरी आम्ही दोघींनी पाहिली नव्हती.  खाली उतरल्यावर हवा बदलली, अंग चिकट झालं.

देवगडला खाडी होडीने ओलांडली. होडीवाल्याने पिठ्ठूकडे बघितलं आणि काही विचारलं, पण त्याची बोली मला समजली नाही. पलीकडे उतरून सुरूच्या झाडांतून चालत गेलो, आणि झाडं संपली तिथे समुद्र होता.

मी आधी आवाज ऐकला होता, म्हणून मला थोडी तयारी होती. आत्या थांबल्या. गाठोडं वाळूवर ठेवलं. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि सरळ चालत पाण्यात गेल्या. मी ओरडून थांबवणार होते, पण त्या मांडीइतक्या पाण्यात आपणच थांबल्या. ओंजळीत पाणी घेतलं, तोंडात घातलं आणि थुंकलं. लाट आली, त्या डगमगल्या, पुन्हा उभ्या राहिल्या. आदल्या उन्हाळ्यात आम्ही अंघोळीचं पाणी परातीत धरून झाडाला घातलं होतं. त्या बाईला आता चहूकडून पाणी लागत होतं आणि त्यातलं काहीच पिता येणार नव्हतं.

बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मला वाटला तसा नव्हता. मला वाटलं होतं हात जोडतील, किंवा रडतील. त्या रागावल्या होत्या.

"हे हितं हुतं," त्या म्हणाल्या. "मी लगीन करून आले तवा बी हितंच हुतं. दीड बोटावर. आन मला कुनी सांगितलं न्हाई."

मी म्हटलं, "आता बघितलंत ना."

"आता बघितलं. मधली सालं कोन देईल?"

 त्या ओल्या लुगड्यानिशी वाळूवर बसल्या आणि दिवस कलेपर्यंत उठल्या नाहीत. देऊळ समोर दिसत होतं. मी दोनदा म्हटलं, दर्शन घेऊन येऊ. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "देव कुठं जातोय? भरती जाईल."

पाहुण्याच्या आईचं घर देवळापासून तासाभराच्या चालीवर होतं. म्हातारी दारात आली. आम्ही कोण ते मी सांगितलं, पत्र दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण पिठ्ठू तिने ओळखला, तसाच तिच्या घरात खुंटीवर होता. "येवा, येवा," म्हणत तिने आत्यांचा हात धरला. दोघींना एकमेकींचं निम्मं बोलणं कळत नव्हतं. तरी तीन दिवस त्या अखंड बोलत होत्या. मुलं कुठे आहेत, काय खातात, पत्र का लिहीत नाहीत, हे दोन्ही भाषांत सारखंच असावं. तिने आम्हाला भात आणि माशाची कढी वाढली. आत्या माळकरी नव्हत्या, पण मासळी त्यांनी कधी चाखली नव्हती. थोडी खाल्ली आणि "काटं लई हाईत" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागून घेतली.

जत्रेच्या रात्री म्हातारीने आमच्यासाठी ग्रामदेवतेच्या देवळापुढे चटई आधीच टाकून ठेवली होती. अगदी पुढे. आमच्या भोवती सगळ्या बाया. पोरं मांडीवर, शेंगांच्या पुड्या हातात. पडदा असा नव्हताच, एक बाक होता, गॅसबत्त्या होत्या, पेटी आणि मृदंग होता. राजा आला आणि बाकावर बसला, बाकाचंच सिंहासन झालं. राणी आली, नथ, शालू, अंबाड्यात गजरा. राजाने तिला वनात धाडलं. आमच्या बाजूची एक बाई राजाला उघड उघड शिव्या देत होती आणि तिला कोणी गप्प करत नव्हतं. मग राक्षस आला, त्याने पोरांना घाबरवलं, एका म्हाताऱ्याची टोपी पळवली, आणि सगळं आवार हसलं. आत्या हसल्या. तोंडावर पदर न घेता, मागे रेलून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी लग्न होऊन पाच वर्षं त्या घरात होते. त्यांचं हसणं इतकं मोठं आहे हे मला माहीत नव्हतं.

सकाळी देवळामागे राणी दाढी करत बसली होती. तो चाळिशीचा पुरुष होता. नथ कानावर अडकवून चहा पीत होता. आत्या त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"तुमी व्हय?" त्या म्हणाल्या. "लई रडविलंत मला."

तो उठला आणि त्यांच्या पाया पडला. त्यांना काय करावं ते कळेना. चटकन मागे सरकल्या, मग त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

आम्ही अकराव्या दिवशी घरी परतलो. मामा ओट्यावर होते. त्यांनी आम्हाला येताना पाहिलं आणि घरात गेले. मागून कळलं की कुलूप उघडून त्यांनी ती खोली दोनदा झाडून बघितली होती, पिठ्ठू कुठून गेला म्हणून. त्यांनी आम्हाला विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. महिनाभर ते आत्यांशी बोलले नाहीत. आत्या मात्र बोलत राहिल्या. वाढताना समुद्राचं सांगायच्या, भाकरी थापताना घाटाचं. ऐकायचं नसेल तर उठून जावं लागलं असतं, आणि मामांना भूक असायची. शाळू आम्ही काढला. त्या वर्षी चांगला आला होता.

नंतर ते बोलायला लागले, पण माफी, समेट असं काही झालं नाही. मला वाटतं त्यांनी एवढंच ठरवलं की आपण पाहिलंच नाही. आत्यांना ते चाललं. मला नाही चाललं. मी त्यांच्याशी पुढे कित्येक वर्षं कामापुरतंच बोलले, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप होत नाही. फौजेतून हे रजेवर आले तेव्हा गावातल्या माणसांनी त्यांचे कान भरले होते. पहिल्याच संध्याकाळी म्हणाले, "लोक नावं ठेवतात." मी म्हटलं, "ठेवू द्या. तुमच्या आईला विचारा, तिने काय बघितलं." ते विचारायला गेले आणि दोन तास आले नाहीत.

बायांनी मात्र नावं ठेवली नाहीत. त्यांनी प्रश्न विचारले. पाणी खरंच निळं असतं का, गाडीत उलटी झाली का, पाळी आली असती तर काय केलं असतं. हे शेवटचं पाणवठ्यावर हळू आवाजात विचारलं जायचं आणि मी मोठ्याने उत्तर द्यायचे. खडीच्या कामावर आमच्यावर हसलेली ती वरच्या आळीतली बाई एक दिवस परसदाराने आली. पदराआडून म्हणाली, "मला ती वाट ल्हून दे."

"तुला वाचता येतं?"

"न्हाई. पर कागुद जवळ असू दे."

मी तिला लिहून दिलं. मग आणखी दोघींना. पुढच्या वर्षी आम्ही पाचजणी निघालो. आत्या पुढे होत्या. या खेपेला त्यांनी गोकर्ण काढलं होतं, कारण तिथे समुद्राला पाच ठिकाणी उतरता येतं असं त्या म्हातारीने सांगितलं होतं, आणि वाटेत कुठे काय नाटक लागेल ते बघू, असं ठरलं होतं. निघायच्या आधी त्या पाचांतल्या एकीच्या नवऱ्याने मला पिठाच्या गिरणीवर गाठलं. दळणाच्या रांगेत सगळ्यांच्या देखत त्याने विचारलं, "यंदा कुनाकुनाच्या बाया पळवनार?"

मी डबा गिरणीवाल्याच्या हातात दिला. "जिला यायचंय तिला," मी म्हटलं. "तुमचीनं तर कालच नाव दिलंय."